नुसता साखरपुडा

मी माझ्यापुरता एक नियम करून घेतलाय. ज्या घरी लग्न थांबवायला जायचं, त्या घरचा चहा घ्यायचा नाही. मी ज्या संस्थेत काम करते तिथल्या बाकीच्यांना हा माझा आगाऊपणा वाटतो. आमचे सर म्हणतात, लोकांशी गोड बोलून काम होतं, तुम्ही तोंड आंबट करून बसता. बसते. माझं तोंड फार गोड कधी नव्हतंच.

मी सुप्याजवळ राहते आणि श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांतल्या शाळांमधून फिरते. आठवीपासून बारावीपर्यंतच्या पोरापोरींशी बोलायचं. पाळी, शिक्षण, मोबाईलवर कुणी छळलं तर काय करायचं, घरात मारहाण होत असेल तर कुणाला सांगायचं, आणि अठराच्या आत लग्न लावत असतील तर काय. शेवटी मुलांसाठीचा मदतीचा नंबर फळ्यावर लिहायचा आणि सगळ्यांकडून पाढ्यासारखा म्हणून घ्यायचा. पोरं ओरडून म्हणतात. मागच्या बाकावरच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसतात. मी त्यांना गप्प करत नाही. मीपण अशीच हसले होते.

मी अकरावीत असताना आमच्या वर्गात अशीच एक ताई आली होती. सुती साडी, खांद्याला पिशवी, घसा बसलेला. तिने तोच नंबर लिहिला. त्यानंतर महिन्याभरात आमच्या घरी पाहुण्यांचं येणं-जाणं सुरू झालं. शहरात पाहुणे म्हणजे चार दिवस राहून जाणारी माणसं. आमच्याकडे वयात आलेल्या पोरीच्या घरी पाहुणे येतात ते तिला बघायला. हे कुणाला उलगडून सांगायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आली.

चुलतभावाचा मोबाईल घेऊन मी गोठ्यामागे गेले आणि तो नंबर लावला. पलीकडून एक बाई फार मायेने बोलली. "बोल बाळा, काय झालंय?"

"घरी पाव्हणे येनारेत," मी म्हणाले.

"बरं, मग?"

एवढं सांगितल्यावर तिला कळायला हवं होतं. शेवटी मी म्हणाले, "माझं लगीन लावत्यात." तिने वय विचारलं, गाव विचारलं, मग लग्नाची तारीख विचारली. तारीख मला माहीत नव्हती. घरात सगळे एकच म्हणत होते, रविवारी नुसता साखरपुडा हाय. मी तेच सांगितलं. ती म्हणाली, घाबरू नकोस, माणसं येतील.

माणसं आली. ते मात्र मी कायम सांगते. नंबर खोटा नाही, माणसं येतात.

रविवारी दारात कापडी मांडव होता. सकाळी चुलतीने माझ्यापुढे परातभर तांदूळ ठेवले आणि कुंकू चोळायला सांगितलं. मी चोळले. कुणी काही काम सांगितलं की करायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. साखरपुड्याला अक्षता लागत नाहीत. ओटी भरायला तांदूळ लागतात, पण ते पांढरे आणि ओंजळभर. हे मला माहीत होतं. हात लाल झाले तरी मी त्याचा विचार केला नाही. चुलतीने परातीवर टॉवेल झाकला आणि ती चुलीमागे सरकवली.

थोड्या वेळाने जीप आली. ग्रामसेवक, एक पोलीस आणि आमच्या गल्लीतल्याच अंगणवाडीच्या काकू. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. वडील हात जोडून पुढे गेले. "भाऊसाहेब, नुसता साखरपुडा हाय. पोरगी हुशार हाय, शिकतीय. अठरा पुरं झाल्याबिगर आमी लगीन लावनार न्हाई." मग खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या की माणूस बसतो, आणि बसला की चहा येतो. चहा घेतला की तो पाहुणा होतो. पाहुण्याला वाकडं बोलता येत नाही, आणि त्यालाही घरच्यांना वाकडं बोलता येत नाही. माणसं वाईट नव्हती. ही आपली पद्धत आहे.

चहा घरच्या पोरीने न्यायचा असतो. आईने ट्रे माझ्या हातात दिला. नव्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन, मी त्या लोकांना चहा नेऊन दिला, ज्यांना मीच फोन करून बोलावलं होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. भाऊसाहेबांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि सगळ्या मांडवासमोर मला विचारलं, "काय गं, तुझी काय तक्रार हाय का?"

वडील बघत होते. मामा, चुलते, पलीकडचे पाहुणे, सगळे बघत होते. ट्रेमध्ये अजून दोन कप होते.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी वडिलांकडून लिहून घेतलं की अठराच्या आत लग्न लावणार नाही. वडिलांनी सही केली. अक्षर चांगलं होतं त्यांचं. जीप गावाबाहेर गेल्याची खात्री करायला एका पोराला वेशीपर्यंत पाठवलं, आणि तो परत आल्यावर थोरले मामा म्हणाले, "समदे जमलेच हायेत, तर आता उरकून घिऊ." आमच्याकडे हे वाक्य इतकं सवयीचं आहे की त्याला कुणी दचकत नाही. चुलीमागची परात बाहेर आली. मीच लाल केलेले तांदूळ माझ्या अंगावर पडले. मंगलाष्टकं चालू असताना मला एकच गोष्ट जाणवत होती. काही दाणे ब्लाउजच्या गळ्यातून आत गेले होते आणि टोचत होते. बाकी काहीच वाटत नव्हतं. रडायला हवं असं चुलतीने कानात सांगितलं, कारण नवरीने रडायचं असतं. मला रडू आलं नाही.

श्रीगोंद्याकडे माझं सासर होतं. उसाची माणसं. नवरा वाईट नव्हता, माझ्याहून बराच मोठा होता आणि कमी बोलायचा. तिथे माझं एक बाळंतपण झालं, पण ते नीट पार पडलं नाही. त्याबद्दल मी लिहिणार नाही. नंतर मी माहेरी आले. त्यांनी पाठवलं म्हणा किंवा मी आले म्हणा, दोन्ही खरं आहे. सुप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागले, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी झाले, आणि मग या संस्थेत आले. लोकांना वाटतं, मी पेटून उठून हे काम घेतलं. तसं काही नाही. पॅकिंगमध्ये उभं राहून पाय सुजायचे, आणि इथे निदान एसटीत बसायला मिळतं.

खरं सांगायचं तर माझ्या आत त्या दिवशी जे बंद पडलं ते चालू झालंच नाही. पोरी माझ्यापाशी रडतात, मी त्यांना पाणी देते, पाठीवर हात ठेवते. हात ठेवायचा असतो म्हणून ठेवते. लग्न थांबलं तर आनंद होत नाही, नाही थांबलं तर झोप उडत नाही. सर म्हणतात, तुम्ही फार खंबीर आहात. मी मान हलवते.

गेल्या उन्हाळ्यात कर्जत तालुक्यातल्या एका शाळेतल्या अकरावीच्या मुलीचा मला फोन आला. आवाज हळू होता, पण घाबरलेला नव्हता.

"ताई, रविवारी माझा साखरपुडा हाय. तुमी म्हनला हुता कळवा, म्हनून कळवलं. टेन्शन नका घिऊ, नुसता साखरपुडा हाय."

मी विचारलं, "घरात ब्राह्मण सांगितलाय का?"

"व्हय. पूजेला."

मी फोन ठेवला आणि जिथे कळवायचं तिथे कळवलं. नगरला, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, तिथल्या बाल संरक्षणाच्या कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि त्या गावच्या ग्रामसेवकांना. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं. साखरपुडा आहे ना? मग लग्नाची तारीख कळली की सांगा. तिन्हीकडे मी एकच सांगितलं, तारीख रविवारच आहे. ग्रामसेवक जरा चिडले. "मॅडम, साखरपुडा करायला कायद्यात बंदी हाय का?" मी म्हणाले, नाही. तुम्ही फक्त या, आणि मी सांगेपर्यंत चहा घेऊ नका. ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा दारात तसाच कापडी मांडव होता. मुलीचे वडील हात जोडून पुढे आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, नुसता साखरपुडा हाय." शब्दसुद्धा तेच. मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. खुर्च्या आल्या. ग्रामसेवक बसले. सोबतचा पोलीस बसला. मी उभीच राहिले. आतून मुलगी ट्रे घेऊन आली, नवी साडी, डोक्यावर पदर. मला बघून तिने मान खाली घातली. ग्रामसेवकांचा हात कपाकडे गेला, माझ्याकडे बघून थांबला, आणि मग त्यांनी कप उचललाच. बिचारे तरी काय करणार.

"मला चहा नको," मी म्हणाले, "पाणी द्या. असू दे, मीच घेते." आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. बाईमाणसाला स्वयंपाकघरात जाताना कुणी अडवत नाही. हंड्यातून पाणी घेतलं, प्याले, आणि गॅसच्या ओट्याखाली टॉवेल झाकलेलं पातेलं होतं त्याच्यावरचा टॉवेल काढला.

मुलीची आई दारात उभी होती.

"साखरपुड्याला एवढ्या अक्षता?" मी विचारलं.

"पूजेला लागत्यात."

"एवढ्या?"

मी तिला म्हणाले, मला पोरीशी बोलायचंय, एकटीशी. तिने नाही म्हणायच्या आत मी, चहा देऊन आत आलेल्या मुलीच्या हातातला ट्रे काढून आईच्या हातात दिला आणि तिला मागच्या मोरीपाशी घेऊन गेले. तिथे भांडी घासायला पडली होती. नळ चालू केला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"आज लगीन लावनारेत," मी म्हणाले. "तुला माहितीय?"

"न्हाई ओ ताई. साखरपुडा हाय."

"तांदूळ कोणी रंगवले?"

ती तिच्या हातांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मीच." आणि मग भडाभडा बोलायला लागली. तिला नर्सिंग करायचंय, तिने आईला सांगितलंय, आई रडली पण काही बोलली नाही, तिकडचा पोरगा ट्रक चालवतो, आणि ताई मला हितं न्हाई ऱ्हायचं आज. तिचं बोलून होईपर्यंत मी नळ बंद केला नाही. पाणी वाया गेलं, जाऊ दे.

पुढचं सगळं गोंगाटात झालं. पातेलं मांडवात आणून ठेवल्यावर ग्रामसेवकांनी कप खाली ठेवला. पाहुणे पहिल्यांदा निघाले, ते नेहमीच पहिल्यांदा निघतात. मुलीच्या आईने माझ्या तोंडाजवळ येऊन विचारलं, "तुझं काय जातंय गं? तुला लेकरू हाय का?" मी म्हणाले, नाही. मला काही वाटलं नाही.

मुलीला बालकल्याण समितीपुढे न्यायचं होतं, म्हणून आम्ही जीपमधून नगरला निघालो. ती माझ्याशेजारी बसली होती, त्याच साडीत, मांडीवर दप्तर. कपड्यांऐवजी तिने दप्तर घेतलं होतं. ती आनंदात नव्हती. घर मागे पडलं की कुणीच आनंदात नसतं, आणि मी तिला उगाच काही सांगितलंही नाही.

मिरजगाव सोडल्यावर ड्रायव्हरने टपरीपाशी गाडी थांबवली. चहा सांगितला गेला. टपरीवाल्याने फळकुटावर ग्लास मांडले आणि मुलगी सवयीने उठली, पदर सारखा केला, आणि साहेबांना द्यायला दोन ग्लास उचलले.

"तू बस," मी म्हणाले.

"देते की ताई. काय हुतं त्याला?"

"बस म्हणते ना. ज्याला पाहिजे तो येऊन घेईल."

माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण पोलिसाने वळून बघितलं आणि मुकाट्याने येऊन आपला ग्लास नेला. ग्रामसेवकही आले. मी एक ग्लास तिच्या हातात दिला. ती बाकड्यावर बसून फुंकर मारत पीत राहिली. मग तिने विचारलं, शाळेतली पोरं विचारतात तसं, सहज.

"ताई, तुमचंबी असंच झाल्तं का?"

"व्हय."

"तवा ह्यो नंबर नव्हता का?"

"होता. मी केला होता फोन."

"मग कोन आलं न्हाई?"

"आले होते की. मीच चहा नेऊन दिला त्यांना."

तिने ग्लास खाली ठेवला. थोडा वेळ तिच्या कपाळाला आठी होती, गणित अडल्यासारखी.

"मग तुमाला मोरीपाशी नेऊन कोनीच इचारलं न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले. एवढा एकच शब्द बोलले आणि त्या टपरीवर, सगळ्यांसमोर, मला रडू कोसळलं. ती पोरगी उठली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. हाताचं कुंकू अजून गेलं नव्हतं.