आईवरची कमेंट

त्या स्पॅनिश लेखिकेची एकही ओळ मी तिच्या भाषेत वाचलेली नाही. मी तिला ओळखते ती फोनवरच्या व्हिडिओंतून आणि खाली सरकणाऱ्या इंग्रजी ओळींतून. बायकांच्या कुणी मोजत नसलेल्या कामाबद्दल ती बोलते आणि जगभरातल्या बायका तिला लाल बदाम पाठवत बसतात. मीही त्यातलीच. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या माझ्या ऑफिसबाहेर, जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून तिचं ऐकायचं, मान डोलवायची, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातच्या गरम पोळ्या खायच्या. यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आई सहा महिन्यांसाठी आली होती. परतीचं तिकीट जवळ आलं तशी ती, इथे येणाऱ्या प्रत्येक आईसारखी, आमच्या फ्रीझरच्या मागे लागली. अर्धवट शेकलेल्या पोळ्या, पुरणाचे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून तारीख. "आई, आता बस कर गं," असं मी म्हणायचे आणि पुढची रिकामी पिशवी तिच्या हातात द्यायचे.

त्याच आठवड्यात लेखिकेने सगळ्यांना आपापल्या आईबद्दल लिहायला सांगितलं. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. पोळ्या लाटणाऱ्या आईचा पाठमोरा फोटो काढला आणि खाली इंग्रजीत लिहिलं, की माझ्या आईने जन्मभर दुसऱ्यांसाठी राबण्यापलीकडे काही केलं नाही. तिला स्वतःचं आयुष्यच नव्हतं. लेखिकेने माझी कमेंट सगळ्यात वर लावली. बदामांचा नुसता पाऊस पडला. मला आभाळ ठेंगणं झालं.

माझी मुलगी शाळेतून आली ती फोनवर माझी कमेंट उघडून, ओरडतच. "आजी, यू आर फेमस!"

"काय लिहिलंय गं माझ्याबद्दल?"

"मॉमने लिहिलंय, तुला लाइफच नव्हती."

आईने गॅस बंद केला, हात पुसले आणि खुर्चीवर बसली.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू व्हायच्या आधी चार वर्षं मी तालुक्याच्या शाळेत गणित शिकवलं. दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन ऐकायची. तुझ्यासाठी सोडलं, ते मी ठरवून. खूप रडले, पण ठरवलं मीच. ते काय आयुष्य नव्हतं?"

ती शिकवायची एवढं मला माहीत होतं. खिडकीचं नव्हतं, रडण्याचं नव्हतं. परक्या बाईला आईबद्दल सांगायला मला दोन मिनिटंही लागली नव्हती, आणि आईला मी कधी काही विचारलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"डिलीट करते," मी म्हटलं.

"नको. मी आत्ता सांगितलं ते लिही."

ती सांगत गेली आणि मी तसंच्या तसं इंग्रजीत पहिल्या कमेंटखाली लिहिलं. पण तोवर लेखिकेचा नवा व्हिडिओ आला होता आणि सगळ्या जणी तिकडे गेल्या होत्या. आई निघाली त्या दिवशीही त्या ओळींखाली एकच बदाम होता. तो मी दिलेला.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी ती थांबली.

"ते दुसरं लिहिलंस ना, ते किती जणींनी वाचलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "बघ," ती म्हणाली, "आधीच विचारलं असतंस तर?"