पुस्तिकेतून गाळलेलं आडनाव

"आडनाव नको ना," केविनची मम्मी म्हणाली. "नुसतं पहिलं नाव ठेवू या. क्लीन दिसतं."

मुलुंडचं आमचं चर्च, त्याला लागून पॅरिशचं ऑफिस. शनिवारची संध्याकाळ. टेबलापलीकडे फादर, माझ्या शेजारी केविन. लग्नाला सात आठवडे उरलेले. लग्नाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, कुठली गाणी, कुठलं वाचन, कोण काय करणार, ते सगळं एका पुस्तिकेत छापतात. मम्मीने नमुन्याची प्रत आणली होती. जाड क्रीम कागद. वर केविनचं नाव, आडनावासकट, सोनेरी. खाली माझं. शेपूट तुटलेल्या पालीसारखं.

"केविनचं आडनाव आहे की," मी म्हणाले.

"त्याचं वेगळं. आमचं वाचून कोण काही विचारत नाही."

माझं आडनाव साळवे. नगर जिल्ह्यातलं. वाचणाऱ्याला बरोबर कळतं. आमचे लोक ख्रिस्ती झाले ते चारचौघांत माणूस म्हणून बसता यावं म्हणून. हिचे पूर्वज गोव्यात ख्रिस्ती झाले त्याला शेकडो वर्षं झाली, तरी पहिल्याच भेटीत तिने मला सांगितलं होतं, "आम्ही मूळचे बामण हं." बाप्तिस्म्याच्या पाण्यात या लोकांनी सगळं बुडवलं. जात तेवढी हातात वर धरली, भिजू नये म्हणून.

माझी आई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती, तरी. चर्चला लागून जी शाळा आहे तिथे ती आया. वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, बारक्या पोरांच्या चड्ड्या बदलायच्या. त्या पगारावर तिने मला शिकवलं. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. केविन मला हॉस्पिटलमध्येच भेटला. त्याच्या पप्पांचं डायलिसिस मी करायचे. दोन वर्षं त्या माणसाचं रक्त माझ्या हाताखालून फिरलं. तेव्हा आडनाव कुणी विचारलं नाही.

मम्मीने पान उलटलं. मिस्सात भाकर आणि द्राक्षारस वेदीपर्यंत घेऊन जातात. बहुतेक लग्नांत मुलाची आई आणि मुलीची आई नेतात. इथे तिचं नाव होतं आणि अंधेरीच्या कुठल्या तरी आंटीचं.

"माझी आई?"

ती हसली. गोड. "डार्लिंग, फोटो सगळे तिथेच निघतात. जरा प्रेझेंटेबल कोणीतरी पाहिजे. आणि तिलाच अनकम्फर्टेबल होईल बघ."

तिला म्हणजे माझ्या आईला. जी चार पावलांवर बसली होती आणि सगळं ऐकत होती.

मी केविनकडे बघितलं. तो मोबाईलमध्ये बघत होता. मग म्हणाला, "मम्मीचं मनावर घेऊ नको यार. एक तासाचा तर प्रश्न आहे."

फादर म्हणाले, "त्याग हा विवाहाचा पाया आहे." म्हणाले सगळ्यांना. बघितलं माझ्याकडे.

आणि तेवढ्यात दाराजवळून आईचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे गं. मी मागं बसन."

खरं सांगते, मीही तोवर गिळतच आले होते. केविनची मम्मी मराठी वाचन नको म्हणाली, कारण मराठी ती कामवालीशी बोलते. मी हो म्हणाले. तुमच्याकडची तीसच माणसं आणा म्हणाली. हो म्हणाले. मावशीला फोन करून खोटं सांगितलं, हॉल लहान आहे. प्रेम आहे, होईल सगळं ठीक, असं स्वतःला सांगत होते. प्रेम कसलं! मला वरच्या लोकांत जाऊन बसायचं होतं.

ही माझी जुनी खोड. पाचवीत असताना वर्गातली एक मुलगी ओकली. बाईंनी आयाला हाक मारली. आई आली. बादली, फडकं. माझ्या बाकाशेजारी गुडघ्यावर बसून तिने ती ओकारी पुसली. मागची एक पोरगी नाक धरून म्हणाली, "शी, ही पण वास मारते." मी भूगोलाच्या पुस्तकातून मान वर केली नाही. आईनेही मला ओळख दाखवली नाही. घरी गेल्यावर तिने मला वाढलं, मी जेवले. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

"मी मागं बसन." त्याच आवाजात. मला वाचवायला.

पुस्तिकेचं आटपलं. मग फादरांनी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं. नियमच आहे. लग्नाआधी दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात, उत्तरं फॉर्मवर लिहितात, खाली सही घेतात. केविनचं आदल्या आठवड्यात झालं होतं. फादर भराभर विचारत होते. बाप्तिस्मा कुठे, आधी लग्न झालंय का. पेन चालत होतं.

"हे लग्न तू कुणाच्या दबावाशिवाय, मोकळ्या मनाने करते आहेस?"

त्यांनी 'हो' लिहायला सुरुवातही केली होती.

"नाही," मी म्हणाले.

पेन थांबलं. "अगं, ही फॉर्मॅलिटी असते."

"प्रश्न तुम्ही विचारलात. उत्तर लिहा. नाही."

बाहेर येऊन मी केविनला सांगितलं, लग्न होणार नाही. तो म्हणाला, "एका आडनावासाठी?" मी म्हणाले, "तुला एक आडनाव छापून घेता आलं नाही." त्याची मम्मी माझ्याशी नाही, मागोमाग बाहेर आलेल्या फादरांशी बोलली. "आय टोल्ड यू. दीज पीपल." हातातली पुस्तिका पर्समध्ये ठेवली. कागद महागाचा होता.

आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "माझ्यापायी मोडलंस." मी म्हणाले, "तुझ्यापायी नाही. माझी मान दुखायला लागली होती." तिला कळलं की नाही, माहीत नाही. ती भांडी घासायला गेली.

पुढच्या आठवड्यात फादरांनी बोलावलं. फाईल बंद करायला माझं पत्र हवं होतं. "वैयक्तिक कारण असं लिही," म्हणाले. "दोन्ही घरांची अब्रू राहील."

तोवर तिकडे अंधेरीत, केविनच्या नातेवाइकांत, बातमी फिरली होती, की मुलीचं बाहेर कुणाशी तरी होतं. त्यांची अब्रू अशी राखली जात होती.

मी तिथेच बसून लिहिलं. मराठीत. मुलाच्या घरच्यांना पुस्तिकेत माझं आडनाव नको होतं आणि वेदीपाशी माझी आई नको होती. कारण जात. सही केली, अख्खं नाव घालून.

फादरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "हे फाईलला कसं लावू? आपल्यात जात नसते, बाळ."

"नसते तर शब्दाला एवढं घाबरता कशाला?"

"तू फार कडू झाली आहेस."

"पत्राची पोच द्या," मी म्हणाले.

शिक्का मारायला त्यांना दहा मिनिटं लागली. मी बसून राहिले. टेबलाशी, खुर्चीवर.

आता चर्चमधल्या बायका रविवारी मिस्सा सुटल्यावर मला बाजूला घेतात, हळूच विचारतात, काय झालं गं? त्यांना वाटतं मी खाली बघेन, रडेन, नशिबाचं काहीतरी बोलेन. मी आवाज खाली आणत नाही. कोण काय म्हणालं, कुठे बसून म्हणालं, तेव्हा फादर काय म्हणाले आणि मुलगा कुठे बघत होता, सगळं सांगते. चारचौघांत, नावं घेऊन. ऐकणारीला ऐकवत नाही, ती इकडेतिकडे बघायला लागते. बघू दे. लाज ज्यांची आहे त्यांनी ती न्यावी. मी कुणाची लाज झाकणार नाही. आणि जो विचारेल त्याला पहिल्यापासून सांगणार.