प्रभुभोजनाची भाकर

युसूफ वडगावच्या बायनाबाईनं तरुणपणी नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला, कारण चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घेताना, सगळ्या जातीचे लोक एकाच पेल्यातून पितात, असं तिनं ऐकलं होतं. भावकीनं दोघांना वाळीत टाकलं. तेव्हापासून चाळीस वर्षं, नवरा गेल्यावरही, प्रभुभोजनाची भाकर तीच भाजून नेत होती.

यंदा गावातले जमीनदार सुंदरराव चर्चला येऊ लागले. तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रत्येकासाठी वेगळे प्लास्टिकचे पेले आणले आणि बायनाबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आता भाकर आणू नका. सुंदररावांच्या घरून येईल."

"कामून साहेब? माझ्या हातानं बाटती का?"

"तसं नाही. पण गावाच्या कलानं घ्यावं लागतं. त्यांच्यामागं आणखी चार घरं येतील."

"मंग आमी इथं कशाला आलतो?"

पाळकसाहेब नवे पेले मोजू लागले.

पुढच्या रविवारी सुंदररावांच्या घरच्या भाकरीचं ताट समोर आलं, तेव्हा तिचा हात उचलेना. प्रार्थना संपायच्या आत ती उठून घरी आली आणि पुन्हा गेली नाही. भावकीचं दार केव्हाच बंद झालं होतं. चर्चमधूनही कुणी विचारायला आलं नाही. दिवाळी आली, नाताळ आला. दोन्ही सणांना ती दार लावून आत एकटीच बसून राहिली.