सोयरीक जुळवणारी

निजामाचं राज्य होतं. हैदराबादेत रसायनशास्त्र शिकून मी फार शहाणा झालो होतो. बिदरच्या मोटारीत शेजारी एक बाई अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती. तिनं न विचारताच मी सांगू लागलो, "अन्न थंड ठेवणाऱ्या कपाटाच्या गॅसासाठी कार्बनला फ्लोरिन जोडतात. अँटिमनीचा क्षार मध्ये पडून दोघांना जुळवतो, आणि स्वतः जसाच्या तसा राहतो."

अडकित्ता थांबला.

"मी बी त्येच करायलेय, बाबा. चिंताकीपासून हळ्ळीखेडपर्यंत सोयरिकी जुळवते. पर बिनसलं की दोन्हीकडून शिव्या मलाच. तुझ्या त्याला न्हाईत व्हय?"

"छे! शास्त्रात तसं नसतं."

तिनं सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. ते चघळताना मला आठवलं. गेल्याच आठवड्यात आमचा हाच प्रयोग फसला होता, आणि प्राध्यापकांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी अँटिमनीलाच शिव्या घातल्या होत्या.