गजभियेबाईंची मुनिया

गजभियेबाई टीव्ही बघताना टीव्हीशी बोलत. पुटपुटत नव्हे, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशा. आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या त्या रविवारी सकाळी पडद्यावर एक मोलकरीण चांदीचा तांब्या हातात धरून ठाकुराइनीच्या पलंगाशी उभी होती. ठाकुराइन माहेरच्या आठवणी काढून रडत होती आणि त्या आठवणी काही संपत नव्हत्या. आमची खोली शेजारच्या बायकांनी भरलेली, प्रत्येकीच्या डोळ्यांना पदर. तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "उभी काहून राहिली वं? तिचं लवकर नाई संपत. बस थोडी, पाय दुखून राहिले असतीन तुहे."

खोलीभर हशा पिकला. बाईंनी वर पाहिलंही नाही. त्यांच्या मांडीवर कुणाचा तरी ब्लाऊज होता आणि त्या त्याला हुक लावत होत्या.

नागपुरात टीव्ही नवा होता तेव्हाची ही गोष्ट. माझ्या नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याकडून येऊन इंदोरा वस्तीत भाड्याने राहत होतो. गल्लीत टीव्ही आमच्याकडेच होता. रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. इंग्रजी अमदानीतली उत्तरेकडची हवेली, वरच्या मजल्यावर ठाकूर, ठाकुराइन, त्यांच्या सुना आणि खालच्या मजल्यावर आचारी, गडी, दासी. मोलकरणीचं नाव मुनिया. तिला बोलायला फारसं नसे. "जी मालकिन" म्हणायचं आणि पडदा सरकवायचा, एवढंच तिचं काम. तरी ती मालिका म्हटली की आज मला ठाकुराइन आठवत नाही, मुनिया आठवते, आणि तिला कारण गजभियेबाई.

बाई पन्नाशीच्या. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधलेला. गळ्यात मापाची टेप कायम. इतवारीत अस्तराचं कापड आणायला निघाल्या तरी ती टेप गळ्यातच. नवरा गिरणीत होता, तो वारला. मुलगा भिलाईला नोकरीला. घराच्या पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, त्यांचा शिवणक्लास चाले. मीही दुपारी तिथे जायला लागले. माझा पहिला ब्लाऊज दोन्ही बाह्या एकाच हाताच्या असा झाला. मी रडकुंडीला आले. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "मशीनवर शिवलेलं सारं उसवता येते. घाबरून काहून राहिली?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बिघडलेल्या कॉलरपासून मोडलेल्या सोयरिकीपर्यंत सगळ्याला ते लागू पडे.

सोमवारी दुपारी क्लासमध्ये मशिनी बंद असत. त्या दिवशी फक्त हातशिलाई, कारण बाई रविवारचा भाग सांगत. ज्या बायकांना सकाळची कामं सोडून टीव्हीपुढे बसणं जमत नसे त्या खास सोमवारी येत. मी पहिल्यांदा ऐकायला बसले तेव्हा आदल्या दिवशी मी तो भाग स्वतः पाहिला होता. मुनियाच्या हातून ठाकुराइनीचा विलायती कप फुटतो, ठाकुराइन तिच्या थोबाडीत देते, मुनिया मान खाली घालून काचा गोळा करते. पडद्यावर इतकंच झालं होतं.

बाईंनी काचा गोळा करण्यापर्यंत बरोबर सांगितलं. मग सुई थांबवली. "मुनियानं काचा उचलल्या अन् उठून उभी राहिली. म्हणे, मालकिन, कप मी फोडला हे खरं. पण रोज धुऊन कोण ठेवत होतं? मीच ना? तवा काहून नाई बोलल्या कधी, का मुनिया, कप चांगला धुतला म्हणून?"

"मंग?" एकीने विचारलं.

"मंग काय. ठाकुराइनच्या तोंडातून शब्द नाई. तिले कधी कोणी इचारलंच नव्हतं ना असं."

बायका खूश झाल्या. घरी निघताना मी बाईंना हळूच म्हटलं, "बाई, असं तर काही झालं नाही हो काल."

"झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुले दिसलं नाई. कॅमेरा ठाकुराकडं निघून गेला ना. तो नेहमी तिकडंच पळते. मी मागं थांबते थोडी."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो आकडेमोडीचा माणूस. त्याला हे अजिबात पटलं नाही. "सरळ खोटं सांगतात म्हणजे," तो म्हणाला. पण पुढच्या सोमवारी बँकेतून आल्यावर बूट काढता काढता त्याने विचारलं, "काय म्हणाली मग आज तुमची मुनिया?"

हे त्यांना कुठून सुचतं, असं मी एकदा विचारलं. बाई काटोलकडच्या. त्यांची आई गावातल्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी राबायची. "माह्या मायनं त्या घराचं अंगण जलमभर झाडलं," त्या म्हणाल्या. "संत्र्याच्या बगिच्यातली गळालेली फळं वेचली. पण ती घरी आली की आमच्यासमोर मालगुजारीणीची नक्कल करे. अशी करे का आम्ही हसून हसून लोळत होतो. रडताना मी तिले पाह्यलं नाई. अन् हे टीव्हीवाले पाहा, नोकर दिसला का त्याले रडवून राहिले. नोकर माणूस हसत नाई का घरी जाऊन?"

क्लासला येणाऱ्यांत एक शांता होती. धरमपेठेत एका वकिलाच्या बंगल्यावर ती स्वयंपाकपाण्याला होती. लहानखुरी, घाबरट, विचारल्याशिवाय न बोलणारी. त्या बंगल्यात रविवारी सकाळी मालिका बघायला पाहुणे जमत आणि शांता आतमध्ये त्यांच्यासाठी पोहे आणि चहा करत असे. मालिकेचं संगीत तिला भिंतीपलीकडून ऐकू येई. वकीलीणबाई हुंदका देत तोही ऐकू येई. पण काय झालं ते सोमवारी आमच्याकडे येईपर्यंत कळत नसे. गोष्ट ऐकताना ती इतकी पुढे झुके की हातातलं कापड खाली पडे.

एका सोमवारी बाईंनी सांगितलं, की मुनियाने ठाकुराइनीकडे सुट्टी मागितली. "मुनिया म्हणे, मालकिन, मले हप्त्यातली एक सकाळ पाह्यजे. ठाकुराइन म्हणे, काय करशीन तू सकाळीले? मुनिया म्हणे, ते मी अजून ठरवलं नाई. आधी भेटू तर द्या." ठाकुराइनीने पुष्कळ विचार केला आणि सुट्टी दिली, असा त्या दिवशीचा शेवट होता.

दोनच दिवसांनी शांता क्लासच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. बाईंनी तिला आत ओढून बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. तिने वकीलीणबाईंना रविवारची सकाळ मागितली होती. हे तुला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. शांताने खरं ते सांगितलं, की मुनियाने मागितली आणि ठाकुराइनीने दिली. त्यावर वकीलीणबाई भडकल्या. "मी एक रविवार चुकवलेला नाही. मुनियाने कधी मागितली सुट्टी? मला वेडी समजतेस?" शांता अडून बसली, की मागितली. तेव्हा त्यांनी तिला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

शांताचा नवरा घरी काही आणत नव्हता. ते काम गेलं तर तिच्या पोरांचं कठीण होतं.   गजभियेबाईंनी कात्री खाली ठेवली, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "मालू, तू बी चाल. तुह्यी बोली त्यायले समजन."

आम्ही तिघी धरमपेठेत पोचलो तेव्हा वकीलीणबाईंनी स्वतः दार उघडलं. हाताला कणीक, कपाळावर कणीक. गोऱ्या, नीटनेटक्या बाई, पण त्या दिवशी त्यांची दशा झालेली दिसत होती. त्यांनी आम्हाला व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांवर बसायला सांगितलं. शांता खांबाला टेकून उभी राहिली. गजभियेबाईंनी तिचा हात धरून तिला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मग बोलायला सुरुवात केली.

"बाईसाहेब, हे पोरगी खोटं बोलली नाई. सुट्टीचं मी सांगतलं होतं तिले."

"तुम्ही? म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत."

"खोटं नाई. टीव्हीवाल्यानं जे सोडून देल्लं ते सांगतलं."

 वकीलीणबाई रागावतील, आम्हाला घालवून देतील, अशी मला खात्री होती. पण त्यांच्या मनात भलतंच काही चाललं होतं. त्या थोड्या पुढे आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग मुनिया आहे कुठे? दोन रविवार झाले, दिसलीच नाही ती. काही सांगत नाहीत, काही नाही. नुसता त्या धाकट्या ठाकुराचा साखरपुडा चाललाय."

ही गोष्ट खरी होती. मालिकावाले मुनियाला विसरूनच गेले होते.

"तुम्हाले नाई माहीत?" बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि सुरू झाल्या. मुनिया पहिल्या सुट्टीच्या सकाळी उठली. काय करावं तिला कळेना. सवयीने तिने अंगण झाडलं. मग लक्षात आलं की आज सुट्टी आहे, म्हणून झाडू टाकून दिला आणि नदीवर गेली. तिथे तिला हवेलीचा आचारी भेटला, त्याचीही सुट्टी. दोघं एकमेकांना ओळखेनात, कारण आजवर एकमेकांना बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

वकीलीणबाई खुदकन हसल्या. कधी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या, त्यांनाही कळलं नसावं. गोष्ट रंगात आली असतानाच आतून करपल्याचा वास आला. दूध उतू गेलं होतं. शांता ताडकन उठली. बाईंनी तिच्या मनगटाला धरून खाली बसवलं. "तुले कामावरून काढलं ना आज? मंग बस."

 मग वकीलीणबाई स्वतः उठून आत धावल्या. भांडं आदळल्याचा आवाज आला, मग "आई गं" ऐकू आलं. त्या बाहेर आल्या तेव्हा बोट तोंडात होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं. त्या शांताला म्हणाल्या, "उद्यापासून ये. रविवारी येऊ नकोस. पण सोमवारी दुपारी बाईंनी काय सांगितलं, ते मंगळवारी मला सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही."

पुढच्या रविवारी शांता आमच्याकडे टीव्ही बघायला आली. केस धुतलेले, लुगडं धुतलेलं. बाईंनी आपली खिडकीजवळची खुर्ची तिला दिली. मालिकेचं संगीत सुरू झालं, शांताने ते डोळे मिटून ऐकलं आणि तिला तिथेच झोप लागली. पडद्यावर साखरपुड्याची वाजंत्री वाजत होती. बाई उठल्या, आवाज अगदी बारीक केला आणि बायकांना म्हणाल्या, "झोपू द्या तिले. मी सांगीन उद्या." त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तो भाग जवळजवळ मुक्यानेच पाहिला.

नंतर शांता टीव्ही बघायला फारशी आली नाही. रविवारी ती पोरांना घेऊन फुटाळ्याच्या तलावावर जाऊन बसे. मंगळवारी मात्र वकीलीणबाईंना न चुकता गोष्ट सांगे. अशी घाबरट बाई, ती आता हातवारे करून, आवाज बदलून सांगते, असं वकीलीणबाईंनीच एकदा मला इतवारीत भेटल्यावर सांगितलं.

मालिका पुढे संपली. शेवटच्या भागात मुनिया परत आली आणि ठाकुराइनीच्या पायावर डोकं ठेवून रडली.  बाईंनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, "दमले बिचारे लिहिणारे." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या पायावरून मुनियाला उठवलं आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. टीव्हीवर दुसऱ्या मालिका आल्या, गल्लीत घरोघरी टीव्ही आले, तरी सोमवारी बाईंची खोली भरलेलीच असे.

बाई गेल्या त्या एका हिवाळ्यात. ताप आला आणि दोन-तीन दिवसांत सगळं आटोपलं. पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही सगळ्या पांढरी लुगडी नेसून त्यांच्या पुढच्या खोलीत जमलो. मशिनी भिंतीला लावून सतरंजी घातली होती. वंदना झाली, खीर वाटली गेली. वकीलीणबाईही आल्या होत्या आणि शांताच्या शेजारी सतरंजीवर बसल्या होत्या. बोलता बोलता विषय मुनियावर आला. एक म्हणाली, मुनियाने शेवटी शिवणाचं दुकान टाकलं. दुसरी म्हणाली, छे, तिने आचाऱ्याशी लग्न केलं आणि दोघांनी खाणावळ काढली. वकीलीणबाई ठामपणे म्हणाल्या की दुकान आधी आणि लग्न नंतर, त्यांना शांताने तसंच सांगितलंय. शांता म्हणाली, मी तसं नव्हतं सांगितलं. आवाज चढायला लागले.

भिलाईहून आलेली बाईंची सून खिरीचं पातेलं हातात घेऊन ऐकत उभी होती. सासूचं हे सगळं तिला ठाऊक नव्हतं. ती अवघडून पुढे आली.

"मुनिया म्हणजे आईंच्या जवळच्या होत्या का कुणी?" तिने विचारलं. "आम्ही सगळ्यांना कळवलं, पण त्यांचा पत्ता नव्हता आमच्याकडे. त्यांना कोणी कळवलं का?"

 आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं. वकीलीणबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते, आणि त्या रडत नव्हत्या. मग शांताने त्या सुनेच्या हातातलं पातेलं घेऊन खाली ठेवलं, सतरंजीवर सरकून जागा केली आणि म्हणाली, "बसा ताई. थोडं लांबचं हाय. सुरुवातीपासून सांगते."