कळीच्या चुन्याचा तास

"रूप बदललं, का वस्तूच बदलली?" हे विचारताना सर पालथी मूठ हळूच उलटी करून उघडायचे, जणू उत्तर तळहातावरच ठेवलंय. आमच्या उमरीच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. दोघांचे वर्ग शेजारी आणि मधली भिंत पातळ. त्यांचं निम्मं विज्ञान मी भिंतीपलीकडूनच शिकले.

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील, घरातलं सामान पिशवीत भरून वर्गात येणारे. सर मेण वितळवायचे, पुन्हा थिजू द्यायचे. "मेणच हाय ना? मग हा भौतिक बदल." मग चमच्यातली साखर पार कोळसा होईपर्यंत जाळायचे. "आता घाला बरं ही चहात!"

एकदा एका पोरानं कागद टराटरा फाडला. "सर, हे परत जुळत न्हाई. म्हणजे रासायनिक."

सर खूश. "लई चांगली चूक केलीस! तुकडा हातात घे. कागदच हाय का न्हाई? जाळलास तर राख होईल, ती कागद न्हाई. नवी वस्तू झाली पाहिजे, बाबा."

मग तो आठवीचा तास आला. काचेच्या भांड्यात पाणी होतं आणि सरांनी त्यात कळीच्या चुन्याचे खडे टाकले. पाणी विस्तवाशिवाय खदखदू लागलं. पहिल्या बाकावरच्या अर्चनानं विचारलं, "सर, जवळून बघू?"

"ये, बघ."

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी दारातून हाक मारली. सर वळले, आणि एक खडा फुटून उकळता चुना तिच्या उजव्या डोळ्यात उडाला. किंकाळी ऐकून मी धावले, तोवर सरांनी तिला नळाखाली धरलं होतं. "उघडा ठेव माय, डोळा उघडा ठेव," एवढंच ते म्हणत होते. मग मिळेल त्या जीपनं नांदेड गाठलं. डोळा राहिला, पण त्यातून उजेड-अंधारापलीकडं काही दिसेना.

चौकशीच्या आधी मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावलं. "पोरगी न विचारता पुढं गेली, असंच सगळ्यांनी सांगायचं."

सर उठून उभे राहिले. "तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, बघ. आन् डोळ्याला चष्मा न लावता बघ म्हटलं. तिच्यावर ढकलू नका."

काही महिने त्यांना घरी बसावं लागलं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांना खात होतं ते वेगळंच. अर्चनाचे वडील शेतकरी माणूस. सर मला सोबत घेऊन माफी मागायला गेले तर ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही का मुद्दाम केलं? च्या घ्या." परत येताना सर मला म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर आज झोप लागली असती, बाई."

शाळेत परतले ते पिशवीशिवाय. भिंतीपलीकडून आता नुसतं पुस्तक वाचल्याचा आवाज यायचा. अर्चना प्रार्थनेला दिसो, गेटजवळ दिसो, सरांचा एकच प्रश्न, "डोळा कसा हाय?" ती म्हणायची, "बरा हाय, सर." दहावीनंतर ती लातूरला सायन्सला गेली, तरी दर रविवारी सरांचा फोन आणि तोच प्रश्न.

सर जाऊन आता दोन उन्हाळे झाले. त्यांची आठवण निघाली की मला आमचा लातूरचा प्रवास आठवतो. मला बहिणीकडं जायचं होतं, तेही सोबत निघाले. अर्चना होस्टेलजवळच्या चहाच्या टपरीवर आली. ती बसते न बसते तोच सरांनी विचारलं, "डोळा कसा हाय?"

तिनं कप खाली ठेवला. "सर, एक बोलू? रागवू नका. आई-बाबांनी आता विचारणं सोडलं. मीबी दिवसदिवस विसरून जाते. तुमचा फोन आला की परत त्याच तासाला जाऊन बसते. माझ्यात डोळ्याशिवाय तुम्हाला काहीच दिसत न्हाई का?"

मला वाटलं, हे आता उठून जातील. पण ते बसून राहिले. म्हणाले, "चुकलं माय." मग त्यांनी विचारलं, "सध्या काय शिकून राहिलीस?"

आणि अर्चना बोलायला लागली. तिला पुढं रसायनशास्त्रच घ्यायचं होतं. प्रयोगशाळेत मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा ठेवला तर त्यावर तांबं कसं चढलं, हे तिनं टेबलावर सांडलेल्या चहात बोटानं काढून दाखवलं. मधेच होस्टेलचं पातळ वरण वाढणाऱ्या बाईची नक्कल केली. मैत्रिणीचं नाव घेऊन खळखळून हसली. सर ऐकत होते. त्यांनी एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांनी दोघांची तिकिटं काढली. अहमदपूर मागं पडल्यावर एकदम म्हणाले, "बाई, ती डावखुरी हाय. तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो सर. पहिल्यापासून."

"मला आज दिसलं," ते म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड करून बसले.