एका उंचीची स्टुलं

आज स्वयंपाकघरातल्या दोन लाकडी स्टुलांना नव्यानं पॉलिश करायला घेतलं आणि त्या वासानं मी थेट सिरसाळ्याच्या सुताराच्या दुकानात जाऊन पोचले. गुडघ्यांमुळं सासूबाईंना खाली बसून भाकरी थापणं जमेना, म्हणून ओट्याशी बसायला स्टुलं घ्यायला आम्ही दोघी तिथं गेलो होतो. दारात बाभळीच्या फळ्या उभ्या होत्या, पायाखाली भुशाचा मऊ थर होता आणि आतून रंध्याचा सरसर आवाज येत होता. मी त्यांच्यासाठी एक उंच स्टूल निवडलं आणि माझ्यासाठी मुद्दाम वीतभर बुटकं, कारण सुनेनं सासूच्या बरोबरीनं बसायचं नाही, हे मी माहेरीच शिकले होते. म्हातारे सुतारचाचा म्हणाले, "जोडी कावून मोडता, बेटा?" तेवढ्यात सासूबाई त्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसल्या, समोर ओटा असल्यासारखे हात वर धरून हवेतच भाकरी थापू लागल्या आणि खांदा भरून आला तशा थांबल्या. "आगं, ओटा काय सासू-सून बघून खाली-वर व्हतो का?" मग चाचांकडं वळून म्हणाल्या, "दोनी बराबरच द्या." त्यानंतर त्या हयात होत्या तोवर आम्ही शेजारी शेजारी बसूनच भाकरी केल्या. आज त्यांचं स्टूल तेवढं वेगळं जपून ठेवावं म्हणून दोन्ही उलटीपालटी करून पाहिली, पण त्यांचं कोणतं नि माझं कोणतं, काही केल्या ओळखू येईना.